बाबांचा न घेतलेला जबाब

माझे वडील नागपूरच्या कोर्टात स्टेनो होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेण्यात घालवला. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश ते नीट करून सांगायचे आणि बाबांचा हात कागदावर चालायचा. मग ते टाइप करायचं, साक्षीदाराला वाचून दाखवायचं आणि तो 'बरोबर आहे' म्हणाला की खाली त्याची सही किंवा अंगठा. घरी येणारे पाहुणे हटकून म्हणायचे, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. बाबा त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवत म्हणायचे, "मी तर रोज चढतो. आता माझ्या शहाणपणाचं काय ते तुम्हीच ठरवा."

घरीही तीच पद्धत. भावानं माझी पेन्सिल तोडली की दोघांना समोर उभं करून ते आळीपाळीनं ऐकून घ्यायचे. मध्ये कोणी बोलायचं नाही. आई पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "अहो, दोघांना एकेक धपाटा घाला आणि जेवायला बसवा." बाबा म्हणायचे, "थांब, त्याचं बोलणं संपायचं आहे." आमच्याकडे भांडणाचा निकाल क्वचितच लागला. पण ऐकून घेतलं नाही, असं मात्र कधी झालं नाही. त्यामुळे जगात सगळीकडे असंच असतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

आई गेली तेव्हा मी इथे अमेरिकेत, हर्नडनला होते. नवऱ्यापासून वेगळी झाले होते, मुलगी शाळेत होती आणि भाऊ बंगळूरला त्याच्या व्यापात. बाबा नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटे. मी कागदपत्रं करून त्यांना इकडे आणलं. पहिले काही महिने वाईट गेले. दूध आणायला पायी जावं तर इथे दुकान पायी जाण्याच्या अंतरावर नाही, आणि माणूस रस्त्याच्या कडेनं चालायला लागला तर शेजारी गाडी थांबवून विचारतात, काही मदत हवी का? बाबा खिडकीत बसून असायचे. एकदा म्हणाले, "पाहुण्यांच्या गादीसारखं झालं आहे माझं. झटकायची, घालायची, पुन्हा घडी करून ठेवायची. मी आपला परत जातो बेटा."

मग त्यांना गाडीचा नाद लागला. नियमांचं पुस्तक त्यांनी एखाद्या कायद्यासारखं पाठ केलं. कलम अमुक, पोटकलम तमुक. पहिल्या परीक्षेत फार हळू चालवली म्हणून नापास झाले. त्यावर त्यांचं म्हणणं, हळू चालवणं हा गुन्हा असेल तर अख्खं नागपूर आत जाईल. दुसऱ्यांदा पास झाले. लायसन्स हातात आलं त्या दिवशी त्यांनी स्वतः शिरा केला. तो करपला, तरी आम्ही खाल्ला.

मी घेऊन दिलेल्या एका जुन्या गाडीनं त्यांना माणसांत आणलं. नातीला व्हायोलिनच्या क्लासला सोडायचं, परत आणायचं. इथे पोरांकडे राहायला आलेले, दिवसभर घरात कोंडलेले किती तरी काका-काकू, त्यांना कुणाला भाजीला, कुणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ ताठ ठेवून ते गाडी चालवायचे. रस्त्यावर इतर गाड्या त्यांना ओलांडून जायच्या आणि बाबा प्रत्येकाला 'जा बाबा, जा' म्हणायचे. हळूहळू मला माझ्या नावानं ओळखणं बंद झालं. देवळात बायका म्हणायच्या, "तुम्ही गाडीवाल्या काकांची मुलगी ना?" आणि परत जायची भाषा त्यांच्या तोंडून गेली. मी मनातल्या मनात त्या जुन्या गाडीला हात जोडायचे.

आम्ही त्यांना सगळं शिकवलं होतं. शाळेच्या बसनं लाल दिवे लावले की कुठे थांबायचं, आग विझवायच्या नळासमोर गाडी का लावायची नाही, पायी जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. फक्त एक गोष्ट कोणी सांगितली नाही, कारण ती सांगावी लागते हेच कोणाच्या डोक्यात आलं नाही. मागे पोलिसाचे दिवे लागले तर गाडी कडेला घ्यायची आणि आतच बसून राहायचं. हात स्टिअरिंगवर, त्याला दिसतील असे. तो येईपर्यंत हलायचं नाही.

बाबांच्या हिशेबानं हे उलटं होतं. पोलिसानं हात केला की माणूस उतरतो, कागद घेतो आणि चार पावलं त्याच्याकडे चालत जातो. साहेब उन्हात उभा आणि आपण आत बसून काच खाली करायची, हा माज झाला. माज पैसेवाल्यांच्या पोरांना शोभतो, कोर्टातल्या माणसाला नाही.

ऑक्टोबरातली दुपार होती. शेजारच्या एका लहान गावातून, त्याचं नाव मी लिहीत नाही, बाबा नातीला क्लासहून घेऊन येत होते. एका स्टॉप साइनला, म्हणजे रस्ता रिकामा असला तरी थांबायचंच अशा पाटीला, ते पूर्ण थांबले नाहीत असं पोलिसाचं म्हणणं, आणि थांबलो होतो असं बाबांचं. मी तिथे नव्हते. मला जे ठाऊक आहे ते माझ्या मुलीनं सांगितलेलं आणि बाबांनी सांगितलेलं. दोघांचं सांगणं एक जागा सोडली तर जुळतं.

मागे दिवे लागले. बाबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, सीटखाली वाकून आपली निळी रेक्झिनची फाइल काढली. गाडीचे कागद, विम्याचे कागद, पासपोर्टाची प्रत, सगळं तिच्यात क्रमानं लावलेलं. मग त्यांनी शर्ट सारखा केला आणि ते उतरले. माझी मुलगी ओरडली, "आजोबा, नो! गेट बॅक इन!" त्यांना वाटलं पोरगी घाबरली, म्हणून तिच्याकडे वळून 'काही नाही, काही नाही' असा हात केला. आणि फाइल छातीशी धरून हसऱ्या चेहऱ्यानं पोलिसाकडे निघाले. म्हणाले, "गुड मॉर्निंग, सर."

तो तरुण पोरगा होता. त्यानं पाहिलं ते एवढंच, की एक माणूस सीटखाली वाकला, काहीतरी घेऊन उतरला आणि अंगावर चालत येतो आहे. तो ओरडला. बाबा थांबले. तो पुन्हा ओरडला, हातातलं टाक, खाली टाक. आता फाइल रस्त्यावर टाकायची म्हणजे काय? आमच्या घरात कागदाला पाय लागला तर उचलून कपाळाला लावतात. बाबांनी ती टाकली नाही. ठेवावी म्हणून हळूच खाली वाकले. तेवढ्यात त्यानं पिस्तूल काढलं.

माझी मुलगी गाडीच्या मागच्या काचेतून बघत होती. पुढचं ती नीट सांगू शकत नाही. बाबा सांगतात ते असं, की त्यानं हात वर करायला लावले, मग वळायला लावलं, मग गाडीवर हात ठेवून उभं केलं आणि अंग चाचपलं. फाइल उघडून पाहिली. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. तो म्हणाला, सर, कधीही असं गाडीतून उतरू नका, मी तुम्हाला इजा केली असती. पिस्तूल परत ठेवलं आणि स्टॉप साइनचं तिकीट, म्हणजे दंडाची चिठ्ठी, लिहून दिलं. जाताना म्हणाला, सांभाळून चालवा.

मुलीचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. ती एवढंच म्हणाली, "मॉम, कम. जस्ट कम." मी पोहोचले तेव्हा रस्ता रिकामा होता. कोणीतरी कडेची पानं गोळा करत होतं. बाबा चालकाच्या नाही, शेजारच्या सीटवर बसले होते आणि फाइलवरची धूळ रुमालानं पुसत होते. पुसून झालेलीच परत पुसत होते.

दोघांचं सांगणं जुळत नाही ती जागा ही. मुलगी म्हणाली, आजोबा थरथरत होते. बाबा म्हणाले, "घाबरलो नाही मी. अपमान वाटला." मी त्यांचं मान्य केलं. बाबा घाबरले नव्हते, त्यांचा अपमान झाला होता, असंच मी पुढे सगळ्यांना सांगत राहिले.

तिकिटाच्या मागे दोन रस्ते छापले होते. दंड भरा, नाहीतर कोर्टात या. सगळ्यांनी पहिला सुचवला. एक काका, इथे तीस वर्षं काढलेले, फोनवर म्हणाले, "अहो, ऑनलाइन भरा आणि विसरून जा यार. इथे सगळ्यांना एकदा मिळतंच." माझ्या नाकावर राग. मला वकील करायचा होता, मोठी तक्रार करायची होती, त्या पोराची वर्दी उतरवायची होती. बाबांना दोन्ही नको होतं.

"तक्रार नाही करायची," ते म्हणाले. "पोरगं आहे ते. ते भ्यालं. मी काहून उतरलो ते त्याला माहीतच नाही ना. त्याच्या लेखी मी अंगावर चाल करून येणारा माणूस. ते तसंच राहिलं तर कसं? मला माझा जबाब द्यायचा आहे."

"आणि मग?"

"मग मी गाडी चालवीन. इथे राहायचं तर माझी बाजू कुठेतरी लिहिलेली पाहिजे बेटा. नाहीतर मी आपला परत जातो."

म्हणून आम्ही कोर्टात जायचं ठरवलं. दंडाचं कोणाला काही पडलं नव्हतं. माझ्यासाठी त्या तिकिटावर बाबा राहणार की जाणार हे ठरायचं होतं, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तारीख हिवाळ्यातली मिळाली. तोवर बाबांनी गाडी चालवली नाही. फक्त बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून सकाळी जाऊन इंजिन सुरू करायचे, पुढे बघत आतच बसायचे आणि बंद करून घरात यायचे. काका-काकूंचे फोन यायचे. बाबा सांगायचे, गाडीचं काम निघालं आहे. हळूहळू फोन कमी झाले. मुलगी क्लासला मैत्रिणीच्या आईबरोबर जाऊ लागली. तिनं एकदा विचारलं, "आजोबा, यू कॅन ड्राइव्ह मी. आय'म नॉट स्केअर्ड." ते म्हणाले, "हो ग, माहीत आहे मला." आणि वर आपल्या खोलीत गेले.

जबाब मात्र जोरात चालू होता. त्यांनी तो इंग्रजीत लिहिला, पुन्हा लिहिला, कापला. माझ्या लॅपटॉपवर दहा बोटांनी असा खडखडाट करायचे की मला नागपूरचं घर आठवायचं. मुलीनं आंघोळीनंतरचा गाऊन घालून जज व्हायचं, मी पोलीस आणि बाबा बाबाच, अशी तालीम चालायची. मुलगी सोफ्याच्या हातावर चढून बसायची आणि चमचा आपटायची. एकदा बाबांनी तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "ओव्हररूल्ड!" बाबा चिडले, "अरे, मी अजून बोललोच नाही आणि ही ओव्हररूल काय करून राहिली!" आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले. त्या हिवाळ्यात ते हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

शेवटी उरला तो जबाब लहान होता. मराठीत सांगायचा तर असा: मी जिथे आयुष्य काढलं तिथे पोलिसानं थांबवलं की माणूस गाडीतून उतरून कागद घेऊन त्याच्याकडे जातो. तो उभा असताना आपण बसून राहणं उद्धटपणाचं समजतात. मी आदराने उतरलो होतो. फाइल मी टाकली नाही, ठेवायला वाकलो, कारण कागद रस्त्यावर टाकायचे नसतात. अधिकाऱ्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांना हे माहीत असावं, एवढंच.

तारखेच्या दिवशी बाबांनी काळा कोट घातला. निवृत्त झाले तेव्हापासून तो घातला नव्हता. खांद्यावर सैल झाला होता. कोर्टाच्या दारात खिसे रिकामे करून, पट्टा काढून आत जावं लागलं. त्यांनी पट्टा हातात घेऊन उभं राहणं मला बघवेना. आत शिरताना मात्र त्यांनी न्यायाधीशांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान झुकवली. आमच्याकडच्या कोर्टात तशी रीत आहे. दारावरच्या शिपायानं चमकून पाहिलं.

आम्ही मागच्या बाकावर बसलो. बाबा मान उंच करून पुढे काहीतरी शोधत होते.

"स्टेनो कुठे बसतो इथे?"

मला माहीत नव्हतं. मी बाहेर जाऊन चौकशीच्या खिडकीतल्या बाईंना विचारलं. त्या चांगल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, की वाहतुकीच्या असल्या केसेसमध्ये या कोर्टात कोण काय बोललं ते शब्द न् शब्द लिहून ठेवत नाहीत. फक्त निकाल लिहितात. मी परत येऊन बाबांना सांगितलं. खोटं सांगता आलं असतं. पण त्यांच्यापुढे मला ते कधीच जमलेलं नाही.

"लिहून घेत नाहीत?" ते म्हणाले. "मग निकाल कशावर देतात?"

"ऐकून."

"आणि उद्या कोणी विचारलं, तो म्हातारा काय म्हणाला होता, तर?"

बाबांनी हातातला कागद पुन्हा उलगडला आणि ओठ हलवत वाचायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "ठीक आहे. ऐकतील तर ऐकतील."

एकेक नाव पुकारलं जात होतं. माणूस पुढे जायचा, दोन वाक्यं व्हायची, माणूस परत यायचा. इतक्या भराभर, की बाबा माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांचं नाव आलं. जजनी ते जमेल तसं उच्चारलं. बाबा पुढे जाऊन उभे राहिले, पुन्हा मान झुकवली. त्यांच्या शेजारी हातभर अंतरावर तो पोलीस. जवळून अगदीच कोवळा दिसत होता. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची खूण होती.

जजनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? बाबा म्हणाले, "नॉट गिल्टी, युअर ऑनर." जजनी पोलिसाकडे पाहिलं. त्यानं आपल्या टिपणातून वाचलं, गाडी स्टॉप साइनला पूर्ण थांबली नाही, चालकानं सहकार्य केलं. एवढंच. उतरल्याचं नाही, फाइलचं नाही, पिस्तुलाचं नाही. जजनी समोरच्या पडद्यावर काहीतरी पाहिलं. म्हणाले, रेकॉर्ड स्वच्छ आहे, अपघात नाही, वयही झालेलं आहे. केस काढून टाकतो. तुम्ही जाऊ शकता, सर.

बाबा हलले नाहीत. त्यांनी कागद वर धरला. "युअर ऑनर, आय हॅव अ स्टेटमेंट टू मेक."

जज हसले. वाईट हसले नाहीत. आपल्या घरातल्या म्हाताऱ्याशी हसतात तसे हसले. म्हणाले, "सर, तुम्ही जिंकला आहात. आता बोलून हरू नका."

सगळं कोर्ट हसलं. बाकांवरचे लोक हसले, वकील हसले, तो पोलीसही खाली बघून हसला. बाबांचा हात तसाच वर होता. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग जजकडे पाहिलं. तोवर पुढचं नाव पुकारलं गेलं होतं. शिपायानं त्यांच्या कोपराला हळूच हात लावला. आणि माझ्या वडिलांनी, आयुष्यभर वकिलांकडून ऐकल्याच्या सवयीनं, मान झुकवून म्हटलं, "ऑब्लाइज्ड, युअर ऑनर."

मला त्या सगळ्यांचा राग आला आणि राग धरायला त्यांच्यात एकही वाईट माणूस सापडेना. हे फार वाईट असतं. वाईट माणूस असता तर मी भांडले असते.

बाहेर व्हरांड्यात तो पोलीस पाणी पीत होता. मी बाबांना जिन्याकडे नेत होते, पण ते माझा हात सोडवून त्याच्याकडे गेले. आता मात्र ते बोलतील असं मला वाटलं. तो वळला, त्यानं ओळखलं आणि मोकळेपणी म्हणाला, चांगलं झालं तुमचं, सर.

बाबा म्हणाले, "ऑफिसर, दॅट डे, आय गॉट आउट बिकॉज..."

"राइट, यू गॉट आउट ऑफ द कार," तो म्हणाला. "नेक्स्ट टाइम स्टे इन द कार, सर. ओके?" त्यानं बाबांच्या खांद्यावर थोपटलं. तेवढ्यात त्याच्या खांद्यावरच्या वॉकीटॉकीत कोणीतरी बोललं. त्यानं 'एक मिनिट' असं बोट वर केलं, ऐकत ऐकत कोपऱ्यावरून वळला आणि गेला. बाबा तिथेच उभे राहिले, त्यानं एक मिनिट सांगितलं होतं म्हणून. मी जाऊन त्यांना आणलं.

घरी येताना मी चालवत होते. हायवेला लागायच्या आधी मागून पोलिसाचे दिवे दिसले. मी गाडी कडेला घेतली. पोलिसाची गाडी आमच्यासाठी नव्हती, शेजारून पुढे निघून गेली. मी पुन्हा निघायला आरसा बघितला आणि मग बाबांकडे लक्ष गेलं. त्यांनी दोन्ही हात पुढे डॅशबोर्डवर ठेवले होते. बोटं पसरून, दिसतील असे. डोळे समोर. पोलीस केव्हाच गेला होता तरी हात तिथेच.

"बाबा, गेला तो."

"हो."

हात तिथेच. शेवटी मी एकेक हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. गार पडले होते. ज्या हातांनी शेकडो लोकांचं बोलणं कागदावर उतरवलं ते हे हात. त्या वेळी मला रडू आलं नाही. आता लिहिताना येतं आहे.

घरी पोचेपर्यंत बातमी पसरली होती. त्या तीस वर्षं काढलेल्या काकांचा फोन आला, "जिंकलात म्हणे! पार्टी पाहिजे." बाबा म्हणाले, "हो, हो, देऊ ना." फोन ठेवला, कोट हँगरला लावला, गाडीची किल्ली खुंटीला अडकवली. जेवताना आमटीत चमचा फिरवत म्हणाले, "माझं तिकीट बघ बेटा."

मी भांडले. म्हटलं, तुम्ही जिंकलात, आता काय राहिलं? नातीनं तर जेवण टाकलं. ते तिला म्हणाले, "तुझ्यावर रागावून जात नाही मी. इथल्या कोणावरच नाही." मग माझ्याकडे बघून, "जिंकलो ते ठीक आहे. पण माझं ऐकलं कोणी?" गुढीपाडव्याच्या आधी ते परत गेले. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत त्यांनी कोणी सांगायच्या आधीच पट्टा काढून हातात घेतला होता.

आता ते नागपूरला आहेत. सकाळी फिरायला जातात, बाकावर चार म्हातारे जमतात. मी दर वर्षी बोलावते, ते दर वर्षी 'बघू' म्हणतात. गाडी आता माझी मुलगी चालवते. सीटखाली अजून ती निळी फाइल आहे. ती काढायची नाही, असं तिनं मला बजावलं आहे.

हे सगळं मी लिहिलं ते कोणीतरी लिहून घ्यायला हवं होतं म्हणून. लिहून झाल्यावर व्हिडिओ कॉलवर बाबांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्ये एकदाही बोलले नाहीत. संपल्यावर मी विचारलं, "बरोबर आहे?"

"चांगलं लिहिलंस. दोन दुरुस्त्या आहेत," ते म्हणाले. "मी गुड मॉर्निंग म्हणालो नाही. दुपार होती. गुड आफ्टरनून म्हणालो होतो."

"बरं. आणि दुसरी?"

त्यांनी रुमालानं फोनची काच पुसायला घेतली आणि पडदा काळा झाला. मला वाटलं कॉल तुटला.

"तू लिहिलं आहेस, घाबरलो नाही, अपमान वाटला. मी तेव्हा तसं सांगितलं होतं, तुझी चूक नाही. पण मी घाबरलो होतो बेटा. खूप घाबरलो होतो. वाटलं, आता पोरीच्या डोळ्यांसमोर मरतो."

मी म्हटलं, "वरचं बदलते मी."

"नाही, नाही. लिहिलेलं खोडायचं नसतं. दुरुस्ती खाली लिहायची असते."

म्हणून वरचं तसंच ठेवलं आहे. दुपार होती. माझे वडील गुड आफ्टरनून म्हणाले होते. आणि ते खूप घाबरले होते.